ॲरिस्टॉटलचे प्राणी, भूमिती आणि ‘प्रमाण’ : वाचताना या चुका टाळा

ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) प्राण्यांविषयी इतके लिहिले आहे, की त्याच्या आज उपलब्ध असलेल्या लेखनाचा फार मोठा हिस्सा त्या एकाच विषयाने व्यापला आहे. तरीही आपल्याकडे तत्त्वज्ञान शिकताना नीतिशास्त्र, राज्यशास्त्र आणि तर्कशास्त्र यांच्या मागे हा भाग राहून जातो, आणि कोणी उत्सुकतेने तो उघडलाच तर दोन गोष्टींपाशी अडखळतो. पिसे, खवले, काटे आणि नांग्या यांची वर्णने चालू असताना मधूनच काटकोन त्रिकोण, कर्ण आणि अक्षरे दिलेल्या रेषा येतात. ही पहिली अडचण. ‘पक्ष्याला जे पीस, तेच माशाला खवले’ या घाटाची वाक्ये पानोपानी भेटतात आणि त्यांतून नेमके काय सिद्ध झाले हे कळत नाही, ही दुसरी. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे आणि ते मूळ नजरेआड झाल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. पुढे मांडलेल्या चुका निबंधांत, सुट्या लेखांत आणि भाषांतरांत मला वारंवार आढळल्या आहेत, आणि त्यांतील पहिली चूक मी स्वतःही बरीच वर्षे करीत होतो.

‘प्रमाण’ वाचायचे तिथे ‘साम्य’ वाचणे

‘ॲनॅलॉजी’ या शब्दाचे मराठीत साम्य, सादृश्य, उपमा असे भाषांतर करण्याची रीत आहे. रोजच्या वापरात ते चालून जाते. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक लेखनात मात्र ते वाचकाला पहिल्याच पायरीवर चुकीच्या दिशेने नेते. ग्रीक ‘आनालोगिआ’ हा मुळात गणिताचा शब्द आहे. दोन गुणोत्तरांची समानता हा त्याचा अर्थ, आणि तिच्यासाठी किमान चार पदे लागतात, असे ॲरिस्टॉटलने न्यायाची चर्चा करताना नीतिशास्त्रात स्पष्टपणे सांगितले आहे. ‘अ, ब, क, ड ही पदे प्रमाणात आहेत’ असे आपण शाळेत गुणोत्तर आणि प्रमाणाच्या धड्यात म्हणत होतो; तेच हे प्रमाण. साम्य दोन वस्तूंमध्ये असते. प्रमाण दोन संबंधांमध्ये असते, आणि ज्या वस्तूंमध्ये ते संबंध आहेत त्या एकमेकींसारख्या मुळीच दिसत नसल्या तरी त्याला बाध येत नाही.

काव्यशास्त्रात त्याने दिलेले उदाहरण पाहावे. डायोनिससला जसा प्याला, तशी एरीझला ढाल. प्याला आणि ढाल एकमेकांसारखे आहेत असे येथे कोणी म्हणत नाही. मद्याच्या देवाचे त्याच्या प्याल्याशी जे नाते, तेच युद्धाच्या देवाचे त्याच्या ढालीशी, एवढेच म्हणणे आहे. ‘प्राण्यांविषयीच्या नोंदी’ या ग्रंथाच्या आरंभीच हीच रचना प्राण्यांना लावलेली आढळते: हाडाच्या जागी माशाचा काटा, नखाच्या जागी खूर, हाताच्या जागी नांगी, पिसाच्या जागी खवले. पीस आणि खवले सारखे दिसतात म्हणून त्यांची जोडी लावलेली नाही. पक्ष्याच्या देहात पिसाचे जे स्थान, तेच माशाच्या देहात खवल्याचे आहे म्हणून ती लावली आहे.

मराठी वाचकाला हा मुद्दा युरोपीय वाचकापेक्षा सोपा जायला हवा, कारण आपल्या भाषेने एक भेद जपून ठेवला आहे. बकऱ्याचे असते ते हाड आणि पापलेटचा असतो तो काटा. घशात अडकतो तोही काटाच, आणि ‘माशाचे हाड’ असे ताटावर बसलेला कोणीही म्हणत नाही. ग्रीकांचेही असेच होते: चतुष्पादाचे ‘ऑस्टेऑन’ वेगळे आणि माशाचा ‘आकांथा’, म्हणजे अक्षरशः काटा, वेगळा. आता तिसरी वस्तू घ्या. किनाऱ्यावर वाहून येणारी आणि पाळीव पक्ष्यांच्या पिंजऱ्यात चोच घासण्यासाठी अडकवली जाणारी पांढरी, हलकी, लांबट वडी आपण समुद्रफेस म्हणून ओळखतो. तो फेस नसून माकूल या मऊ देहाच्या समुद्री प्राण्याच्या एका जातीच्या पाठीत असलेला आधार आहे. तीन वस्तू, तीन नावे, आणि तिघींना सामावून घेणारे चौथे नाव ग्रीकमध्येही नव्हते आणि रोजच्या मराठीतही नाही. तर्कशास्त्रावरच्या ‘उत्तर विश्लेषण’ या ग्रंथात ॲरिस्टॉटल नेमकी हीच त्रयी घेतो आणि म्हणतो, की तिघांना एक नाव देता येत नाही, पण जणू त्यांचा स्वभाव एकच असावा अशा रीतीने काही गोष्टी तिघांनाही लागू होतात. मऊ देहाला आतून आधार देणे हे तिघांचेही काम आहे. त्या कामामुळे जे जे संभवते ते तिघांच्याही बाबतीत संभवते.

या उताऱ्याशेजारी त्याच ग्रंथातला गणिताचा एक उतारा ठेवून वाचला, की सगळा प्रकार उजळून निघतो. शाळेत आपण एकांतर क्रिया शिकलो: अ : ब = क : ड असेल, तर अ : क = ब : ड. ॲरिस्टॉटल सांगतो, की एके काळी हे संख्यांसाठी वेगळे, रेषांसाठी वेगळे, घनांसाठी वेगळे आणि कालखंडांसाठी वेगळे सिद्ध करीत असत, कारण या सर्वांना मिळून एक नाव नव्हते. आता मात्र ते एकदाच, सर्वांसाठी सिद्ध होते. ग्रीक गणिती युडॉक्सस याच्या प्रमाण-सिद्धांताचा तो काळ होता. इ. स. पू. ३०० च्या सुमारास रचलेल्या युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’त या जुन्या फाळणीची खूण अजून दिसते: राशींसाठी पाचव्या भागातील १६ वे प्रमेय आणि संख्यांसाठी सातव्या भागातील १३ वे. नाव नाही म्हणून कारणही वेगळे मानण्याची चूक गणिताने नुकतीच सुधारली होती, आणि तीच चूक प्राण्यांच्या अभ्यासात होऊ नये म्हणून ॲरिस्टॉटल प्रमाणाचा आधार घेतो, असे मला वाटते. हाड, काटा आणि समुद्रफेस यांना नाव नाही, पण त्यांच्यामागचे कारण एक असू शकते.

उपाय साधा आहे. ‘अमुक हे तमुकासारखे’ असे वाक्य हातून उतरले, की थांबावे आणि चारही पदे कागदावर लिहावीत. चौथे पद सापडत नसेल तर आपण प्रमाण वाचलेलेच नाही. चारही सापडली आणि त्यांना जोडणारे काम मात्र सांगता येत नसेल, तर मूळ उताऱ्याकडे परत जावे. बहुतेक वेळा ते काम पुढच्या-मागच्या दोन-तीन वाक्यांत लिहिलेले असते. फुप्फुस आणि कल्ले यांचे उदाहरण घ्या. श्वसनावरील छोट्या ग्रंथात दोघांचे काम देहातील उष्णता निववणे हे सांगितले आहे, एक हवेने आणि दुसरे पाण्याने. निववण्याचा भाग आज कोणी स्वीकारणार नाही, पण चार पदांची मांडणी अजूनही उभी आहे.

येथे दोन धोके ओळखून ठेवावेत. मांडणी गणिताची आहे म्हणून तिच्यावर गणिताच्या सर्व क्रिया चालवू नयेत. एकांतर क्रियेसाठी चारही राशी एकाच प्रकारच्या असाव्या लागतात. पीस आणि पक्षी या तशा राशी नाहीत, त्यामुळे ‘पिसाचे खवल्याशी जे गुणोत्तर, ते पक्ष्याचे माशाशी’ असे लिहून काहीही हाती लागत नाही. दुसरा धोका आपल्या परंपरेतून येतो. न्यायदर्शनातील ‘उपमान’ हा शब्द जवळचा वाटतो म्हणून भाषांतरात तो वापरला जातो. पण तेथे ‘गवय गायीसारखा असतो’ हे ऐकलेला माणूस रानात तसा प्राणी पाहून ‘हाच गवय’ असे ओळखतो. नाव आणि वस्तू यांची सांगड घालणारे ते ज्ञानसाधन आहे आणि त्याचा आधार दोन वस्तूंमधील सारखेपणा हाच आहे. ते स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे आहे, परंतु ॲरिस्टॉटलचे काम त्याने होत नाही.

‘कमी-जास्त’ आणि ‘प्रमाण’ यांची सरमिसळ

सारसाचे पाय लांब आणि चिमणीचे आखूड, एका पक्ष्याची चोच जाड आणि दुसऱ्याची बारीक. हे फरकही निबंधांत ‘ॲनॅलॉजी’च्या खाती मांडलेले दिसतात. ‘प्राण्यांचे अवयव’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटलने याबाबत रेघ आखून दिली आहे. एकाच मोठ्या गटातील प्राणी एकमेकांपासून कमी-जास्तपणाने वेगळे असतात: अवयव तोच, केवळ लांबी, रुंदी, मऊपणा, संख्या बदललेली. गट ओलांडला, पक्ष्याकडून माशाकडे गेलो, की कमी-जास्तीने काम भागत नाही. पीस कितीही आखूड केले तरी त्याचे खवले होत नाही, आणि तेथूनच प्रमाणाचा प्रांत सुरू होतो.

ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पहिल्या प्राण्याचे चित्र रबराच्या पातळ तुकड्यावर काढले आहे असे समजावे. तो तुकडा इकडेतिकडे ताणून दुसऱ्या प्राण्याचे चित्र मिळत असेल, तर फरक कमी-जास्तीचा. मिळत नसेल, तर प्रमाणाचा. ही कसोटी माझ्या पदरची आहे, पण कल्पना जुनी आहे. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ डार्सी टॉम्प्सन यांनी १९१० साली ‘प्राण्यांविषयीच्या नोंदीं’चे इंग्रजी भाषांतर केले आणि १९१७ साली ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चौकटीच्या कागदावर काढलेला काटेरी डायोडॉन मासा चौकट वाकवताच सूर्यमाशाच्या आकाराचा होतो. एकच माणूस ही दोन्ही कामे करीत होता, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आधुनिक जीवशास्त्राची व्याख्या मागे नेऊन चिकटवणे

१८४३ साली इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी इंग्रजीत एक भेद पक्का केला. वेगळ्या प्राण्यांत तेच काम करणारे अवयव ते ‘ॲनॅलॉग’, आणि रूप व काम कितीही बदलले तरी मुळात तोच असलेला अवयव तो ‘होमोलॉग’. फुलपाखराचा आणि पक्ष्याचा पंख हे पहिल्याचे नेहमीचे उदाहरण. माणसाचा हात आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पुढचा अवयव हे दुसऱ्याचे. उत्क्रांतीच्या सिद्धांतानंतर हा भेद वंशाच्या भाषेत सांगितला जाऊ लागला. आज शाळेपासून हेच शिकल्यामुळे आपण ॲरिस्टॉटलचा ‘आनालोगॉन’ पाहिला, की तो म्हणजे ओवेनचा ‘ॲनॅलॉग’ असे धरून चालतो.

तसे धरल्यावर त्याची उदाहरणे गोंधळलेली वाटू लागतात आणि दोष त्याच्या माथी मारला जातो. नख आणि खूर ही जोडी तो प्रमाणात घालतो. आजच्या शरीररचनाशास्त्रानुसार दोन्ही बोटांच्या टोकांवरची, एकाच मुळाची आवरणे आहेत. हाड आणि काटा हीही जोडी तशीच, कारण पापलेटचा काटा हे हाडच आहे. याउलट फुप्फुस आणि कल्ले हे आजच्या मते एकाच अवयवाचे दोन अवतार नव्हेत. म्हणजे त्याचे प्रमाण ओवेनच्या दोन्ही कप्प्यांतून आरपार जाते, कारण ते कप्पे त्याने कधी आखलेच नव्हते. सामाईक पूर्वज आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना एक नाव नाही अशा अवयवांचे कारण एकत्र कसे सांगावे, हा होता. म्हणून दोन्ही काळांची तुलना करायची असेल तर ती उघडपणे, वेगळ्या परिच्छेदात करावी, आणि ॲरिस्टॉटलचे म्हणणे मांडताना आधुनिक संज्ञा दाराबाहेर ठेवाव्यात.

भूमितीला सजावट समजणे, किंवा तिलाच सर्वस्व समजणे

‘प्राण्यांचे गमन’ हा लहानसा ग्रंथ आहे आणि फारच थोडे लोक तो वाचतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच्या नवव्या प्रकरणात प्रश्न आहे: पाय वाकला नाही तर चालता येईल का? ॲरिस्टॉटल उत्तर देतो ते काटकोन त्रिकोणाने. एक पाय जमिनीवर सरळ उभा आहे आणि दुसरा पुढे टाकला आहे, अशी कल्पना करा. उभा पाय ही लंब बाजू, दोन पावलांमधील अंतर हा पाया, आणि पुढे टाकलेला पाय हा कर्ण. कर्णाचा वर्ग दोन्ही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असावा लागतो. पण पाय तर दोन्ही सारख्याच लांबीचे. तेव्हा उभ्या पायाला कोठेतरी वाकावेच लागेल.

हे वाक्य पुष्कळ वाचक ‘ग्रीकांची भूमितीची हौस’ म्हणून ओलांडून जातात. ओलांडण्याआधी आकडे घालून पाहावेत. पायाची लांबी ८० सेंटिमीटर आणि पावलांतील अंतर ६० सेंटिमीटर धरले, तर ६४०० आणि ३६०० मिळून १०,००० होतात, म्हणजे कर्ण १०० सेंटिमीटर हवा. पाय ८०चाच आहे. २० सेंटिमीटर कमी पडतात. दोन्ही पाय सरळ ठेवून ते भरून काढायचे, तर कंबर खाली यायला हवी: मग समद्विभुज त्रिकोण होतो आणि त्याची उंची साधारण ७४ सेंटिमीटर, म्हणजे मूळ उंचीपेक्षा सहा सेंटिमीटर कमी. ॲरिस्टॉटल पुढे म्हणतो, की भिंतीला समांतर चालणाऱ्या माणसाच्या डोक्याने भिंतीवर रेषा उमटत गेली, तर ती सरळ नसून वरखाली जाणारी असेल. माणूस वाकतो तेव्हा खाली आणि ताठ होतो तेव्हा वर. संध्याकाळच्या उन्हात एखाद्या लांब भिंतीच्या कडेने कोणाला तरी चालायला लावावे आणि डोक्याची सावली पाहावी. मी पाहिली आहे, आणि त्यानंतर हा उतारा मला कधीच सजावट वाटला नाही. त्याच ओघात तो रांगणाऱ्या मुलांचा अपवादही नोंदवतो: गुडघा न वाकवता पुढे सरकता येते, पण तेव्हा वाकणे खांद्यात आणि कंबरेत होते. हत्तीही असाच न वाकता चालतो ही जुनी समजूत त्याने तेथेच खोटी ठरवली आहे.

उलट टोकाची चूकही तितकीच पसरलेली आहे. हा उतारा वाचून काही जण लिहितात, की ॲरिस्टॉटलने प्राणिजीवन गणितातून सिद्ध केले. तसे त्याने केले नाही आणि ते शक्य आहे असेही त्याने मानले नाही. भौतिकशास्त्रावरील ग्रंथात त्याने दिलेले नकट्या नाकाचे उदाहरण येथे नेहमी जवळ ठेवावे. बाक हा नाकाशिवायही व्याख्येत बसतो, पण नकटेपणा नाकाशिवाय सांगताच येत नाही. भूमिती बाकाचा विचार करते. निसर्गाचा अभ्यासक नकटेपणाचा. पायाचा त्रिकोण वाकणे आवश्यक आहे एवढे दाखवतो. गुडघा पुढेच का वाकतो हे तो सांगत नाही, आणि त्यासाठी ॲरिस्टॉटल त्या देहाकडे, त्याच्या गरजांकडे आणि ‘निसर्ग व्यर्थ काही करीत नाही’ या आपल्या गृहीतकाकडे वळतो.

‘प्राण्यांचे चलन’ या दुसऱ्या लहान ग्रंथात हीच सीमा तो स्वतः आखतो. सांध्याचे वर्णन करताना तो वर्तुळाच्या केंद्राची भाषा वापरतो: हाताचा पुढचा भाग फिरतो तेव्हा कोपर केंद्रासारखे स्थिर राहते. पण लगेच बजावतो, की गणितातील वस्तू हलतात हे केवळ मानलेले असते. प्रत्यक्षात त्यांतील काहीच हलत नाही. कागदावरचा बिंदू सांधा होत नाही. सांध्याला एक भाग टेकून राहावा लागतो आणि दुसरा त्यावरून फिरावा लागतो. आत्म्याविषयीच्या ग्रंथात यासाठी बिजागरीचा दाखला आहे, जिचा फुगीर आणि खोलगट भाग विचारात दोन असले तरी जागेने एकत्रच असतात. तेव्हा भूमितीचे वाक्य आले, की दोन प्रश्न विचारावेत: ते नेमके काय आवश्यक ठरवते, आणि कोठे थांबते? दोन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘ॲरिस्टॉटलचे गणिती जीवशास्त्र’ असे शीर्षक देऊ नये.

वर-खाली, उजवे-डावे हे नकाशातील दिशांप्रमाणे वाचणे

प्राण्याला सहा दिशा असतात, असे ‘प्राण्यांच्या गमना’त म्हटले आहे: वर आणि खाली, पुढे आणि मागे, उजवे आणि डावे. ही त्रिमितीय अक्षांची पूर्वसूचना आहे असे समजून वाचक पुढे जातो आणि मग वनस्पतीचे ‘वर’ म्हणजे मुळे, हे वाचून गोंधळतो. गोंधळाचे कारण असे, की या दिशा जागेवरून नव्हे, कामावरून ठरवलेल्या आहेत. जेथून अन्न घेतले जाते आणि वाढीला सुरुवात होते ते ‘वर’. जिकडे इंद्रियांचे तोंड असते ते ‘पुढे’. जेथून हालचालीला आरंभ होतो ते ‘उजवे’. प्राण्याला जसे तोंड, तशी झाडाला मुळे, हे पुन्हा चार पदांचे प्रमाणच आहे, आणि ते मान्य केले की झाडाचे ‘वर’ मातीत जाते. उजवीकडून हालचाल सुरू होते याला त्याचा पुरावाही रोजच्या पाहण्यातला आहे: माणसे ओझे डाव्या खांद्यावर घेतात, म्हणजे हालचाल करणारी बाजू मोकळी राहते.

येथे मराठी वाचकाच्या मनात गीतेच्या १५व्या अध्यायातील ‘ऊर्ध्वमूल’ अश्वत्थ उभा राहणे अगदी स्वाभाविक आहे. मोह आवरावा. तेथील उलटा वृक्ष संसाराचे रूपक आहे आणि त्याचे मूळ वर, परतत्त्वात आहे. ॲरिस्टॉटलचे झाड हे अंगणातले अंजिराचे झाड आहे, ते उलटे झालेले नाही, आणि त्याचे मूळ मातीतच आहे; बदलला आहे तो ‘वर’ या शब्दाचा निकष.

जीवाचे तीन मजले बांधणे

पोषणाची शक्ती तळमजला, संवेदनेची पहिला, बुद्धीची दुसरा: हे चित्र फळ्यावर काढायला सोपे आहे आणि म्हणूनच ते इतके पसरले आहे. ॲरिस्टॉटलने दिलेले चित्र इमारतीचे नाही, आकृत्यांचे आहे. आत्म्याविषयीच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, की जीवाची व्याख्या ‘आकृती’च्या व्याख्येसारखीच एक आहे. त्रिकोण, चौकोन आणि त्यांपुढील आकृत्या सोडून ‘नुसती आकृती’ अशी वेगळी वस्तू कोठेही नसते. तसेच वनस्पती, पशू आणि माणूस यांच्या जीवांपलीकडे ‘नुसता जीव’ नसतो. आणि आकृत्यांप्रमाणेच येथेही आधीचे पुढच्यात शक्यतेच्या रूपाने असते: चौकोनात त्रिकोण, तशी संवेदनशील जीवात पोषणाची शक्ती.

चौकोन काढावा आणि त्याच्याकडे पाहावे. त्रिकोण दिसत नाही. कर्ण ओढला की दोन दिसतात. कर्ण ओढण्यापूर्वी ते त्रिकोण चौकोनाखाली रचलेले नव्हते आणि चौकोन त्यांच्यावर बांधलेलाही नव्हता. कुत्र्याच्या आत एक झाड आणि त्यावर एक संवेदना असे काही नसते. कुत्र्याचा जीव एकच असतो, आणि झाड जे करते ते त्या एकाच जीवाला करता येते. येथे भाषांतराची एक अडचण नोंदवायला हवी. ‘आत्मा’ या शब्दाला मराठीत वेदान्ताचे आणि संतवाङ्मयाचे इतके वजन आहे, की झाडाला आत्मा म्हटले तर वाचक वेगळीकडेच जातो. ‘झाडालाही जीव असतो’ हे वाक्य मात्र आपण सहज बोलतो, आणि ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेल्या अर्थाच्या ते बरेच जवळ आहे. मी अलीकडे ग्रंथाचे नाव सांगताना तेवढा ‘आत्मा’ ठेवतो आणि विवेचनात ‘जीव’ वापरतो.

त्रिकोण दिसला की प्लेटो आठवणे

प्लेटोच्या ‘टिमेअस’मध्येही प्राण्यांच्या देहात त्रिकोण आहेत, पण ते जातीने वेगळे आहेत. तेथे अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी हे पदार्थच सूक्ष्म त्रिकोणांपासून घडलेल्या घनाकृतींचे बनलेले आहेत. तरुण देहातले त्रिकोण नवे आणि धारदार असतात, म्हणून ते अन्नातल्या त्रिकोणांवर मात करतात. काळाने त्यांची बांधणी सैल होते आणि म्हातारपण येते. हा त्रिकोण देहाचे द्रव्य आहे. ॲरिस्टॉटलचा चालण्यातला त्रिकोण दोन पायांच्या आणि जमिनीच्या संबंधाचा आहे, त्याचा चौकोनातला त्रिकोण जीवाच्या शक्तींच्या क्रमाचा आहे, आणि प्लेटोच्या द्रव्यरूप त्रिकोणांवर तर त्याने आकाशाविषयीच्या ग्रंथात कडक टीका केली आहे. पायथागोरसपंथी युरिटसचेही असेच: खडे मांडून तो माणसाचा किंवा घोड्याचा आकार रेखाटी आणि त्या खड्यांची संख्या हीच त्या प्राण्याची संख्या म्हणे. ॲरिस्टॉटलच्या आधीचा तत्त्वज्ञ एंपिडोक्लिस या सर्वांत ॲरिस्टॉटलच्या जवळचा ठरतो, कारण हाडाचे आठ भाग धरून त्यांत दोन जलाचे, चार अग्नीचे आणि उरलेले पृथ्वीचे असे गुणोत्तर त्याने सांगितले होते. हाड म्हणजे त्यातले द्रव्य नसून त्या द्रव्यांचे गुणोत्तर आहे, याची चाहूल त्याला लागली होती, असे ॲरिस्टॉटल मान्य करतो.

आकृती न काढता वाचणे

ॲरिस्टॉटलचा ‘विच्छेदने’ नावाचा आकृत्यांचा संग्रह होता आणि तो वाचकाला तिकडे पाहायला वारंवार सांगतो. तो संग्रह नष्ट झाला. आकृत्या गेल्या, पण त्यांची अक्षरे मजकुरात राहिली. ‘प्राण्यांविषयीच्या नोंदीं’च्या तिसऱ्या भागात नराच्या वृषणांचे आणि वाहिन्यांचे वर्णन भूमितीच्या प्रमेयासारखे अक्षरे देऊन केलेले आहे. ते नुसते वाचून कोणालाही समजणार नाही, आणि समजले नाही म्हणून स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही. पेन्सिल घेऊन ती आकृती पुन्हा काढणे हाच मार्ग आहे.

सराव करायचा असेल तर ‘प्राण्यांचे अवयव’ या ग्रंथाच्या चौथ्या भागातील नववे प्रकरण घ्यावे. तेथे एक सरळ रेषा कल्पिलेली आहे: आल्फा येथे तोंड, बीटा येथे अन्ननलिका, गॅमा येथे जठर, आणि डेल्टा येथे आतड्याचे शेवटचे टोक. माणूस आणि चतुष्पाद यांची मांडणी अशी सरळ असते. माकूल, अष्टपाद आणि गोगलगायीसारखे पीळदार शंखाचे प्राणी यांच्यात मात्र ही रेषा जणू वाकवलेली असते, इतकी की डेल्टा आल्फापाशी येतो. एक लांब कागदी पट्टी घेऊन तिच्यावर चार खुणा कराव्यात, पट्टीच्या मध्यापासून मागच्या बाजूला पाय काढावेत आणि मग तिची दोन्ही टोके जुळवावीत. पाय तोंडाभोवती येतात. अष्टपादाचे पाय डोक्याला का चिकटलेले असतात, हे ज्या वाक्याने तीनदा वाचूनही मला समजले नव्हते ते त्या पट्टीने समजावले.

या उताऱ्यावरून उडी मारून १८३० सालच्या पॅरिसमध्ये उतरण्याची सवय अनेकांना आहे. मेरान्क्स आणि लोरांसे या दोघांनी माकूल म्हणजे नाभीपाशी मागे वाकलेला पृष्ठवंशीय प्राणी, अशी तुलना विज्ञान अकादमीपुढे ठेवली, प्राणिशास्त्रज्ञ झोफ्र्वा सेंटिलेर यांनी ती उचलून धरली, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी आकृत्या मांडून ती खोडून काढली. साम्य डोळ्यांत भरणारे आहे, परंतु पॅरिसच्या वादातला प्रश्न असा होता, की सर्व प्राण्यांची घडण एकाच आराखड्याची आहे का आणि एका गटाचा प्रत्येक अवयव दुसऱ्या गटात त्याच क्रमाने सापडतो का. ॲरिस्टॉटलची रेषा अन्नाचा मार्ग दाखवते आणि त्या मार्गाला धरून पायांची जागा समजावून देते. माकुलाच्या यकृताच्या किंवा मेंदूच्या जागेविषयी ती काहीही कबूल करीत नाही. पट्टीवर त्याने चारच अक्षरे दिली आहेत. पाचवे आपण लिहू नये.